पान्हा कोणी हातात घ्यावा?
घरचा नळ, शेतातली पाइपलाइन आणि मिस्त्री यांविषयी थोडेसे



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की त्यात बेणे, खताची मात्रा, पाचट आणि तोडणीची तारीख एवढेच असणार, अशी आपली समजूत असते. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. कारण असे, की गेल्या उन्हाळ्यात प्लॉट पाहणीस फिरत असताना विहिरीत पाणी असूनही ऊस वाळलेला काही ठिकाणी दिसला. चौकशी करता कळले, की कुठे पाइपलाइनचा जोड सुटला होता, कुठे फूटव्हॉल्व्ह धरत नव्हता, कुठे मोटार जळून आठ दिवस झाले होते. पाणी होते, पण ते उसापर्यंत पोहोचत नव्हते.

अशा वेळी सभासदांकडून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "सायेब, मिस्त्री बोलावला की पाचशे रुपये गेलेच म्हणून समजा. मीच लावतो की!" दुसरा म्हणतो, "आपल्याला कुठं जमतंय ते? मिस्त्री येईल तवा बघू." पहिल्याचा जोड दोनदा सुटतो आणि दुसऱ्याच्या घरचा नळ महिनाभर गळत राहतो. दोघांचेही नुकसान होते. यास्तव कोणते काम घरच्या माणसाने करावे, कोणते जाणकाराकडे द्यावे आणि कोणत्या कामाला घरच्या कोणीच हात लावू नये, याचा विचार आपण या लेखात करू.

पूर्वीची वहिवाट

आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न नवा नव्हता. मोटेचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, की नाडा झिजला तर शेतकरी स्वतः तो बदलत असे, गाठ मारत असे. थारोळ्याची माती खचली तर स्वतः लिंपत असे. परंतु कातडी मोट शिवायची झाली तर ती चर्मकाराकडे जाई आणि चाकाचा कणा गेला तर सुताराकडे. मोट उसवली असता घरच्या सुई-दोऱ्याने ती शिवण्याचा उद्योग कोणी करीत नसे. कारण चार हात खोल विहिरीत भरलेली मोट फाटली तर बैलांना हिसका बसे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे कामाची वाटणी करताना चुकले तर काय होईल, हे ते आधी पाहत. आपणही तेच करायचे आहे. फक्त नाड्याच्या जागी आता वायसर आला आहे आणि मोटेच्या जागी वीज.

गळतीचा हिशेब

आपला जिल्हा पाण्याच्या बाबतीत सुखी नाही. केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणावर लातूर शहर अवलंबून आहे. ते कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा गळतीकडे 'चार थेंब तर आहेत' म्हणून पाहू नये. मोजून पाहावे.

गळक्या नळाखाली एक मिनिट भांडे ठेवा. समजा १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहानसा पेला, पाणी जमले. तासाला ६ लिटर आणि दिवसरात्रीत १४४ लिटर झाले. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे अडीच माणसांचे पाणी एका वायसरपायी गेले.

आता शेतात चला. जोडातून उडणाऱ्या पाण्याखाली १५ लिटरची बादली ठेवली आणि ती ५ मिनिटांत भरली, तर तासाला १८० लिटर आणि ८ तासांच्या पाळीत १,४४० लिटर पाणी गेले. शिवाय तेवढे पाणी उपसण्याची वीज गेली, आणि शेवटच्या सरीला पाणी पोहोचले नाही ते वेगळेच.

घरात गळती आहे की नाही हेच कळत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. रात्री निजण्यापूर्वी सर्व नळ बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर कोळशाने खूण करा. सकाळी कोणी नळ सोडण्यापूर्वी पाहा. पातळी उतरली असेल तर कुठेतरी चोर आहे. बहुधा तो संडासच्या फ्लश टाकीत किंवा भिंतीतल्या नळीत सापडतो.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

पान्हा हातात घेण्यापूर्वी पुढील तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला: हे पाणी, आणि असल्यास वीज, मला स्वतःला पूर्ण बंद करता येते का?

दुसरा: बिघाड मला डोळ्यांनी दिसतो आहे का, की मी नुसता अंदाज करतो आहे?

तिसरा: माझे चुकले तर काय जाईल? एक वायसर, एक पाण्याची पाळी, घराची भिंत, की माणूस?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचे 'फार तर एखादा वायसर किंवा तोटी' असे असेल, तर काम घरी करावे. यातले एक जरी उत्तर बिघडले तरी मिस्त्री बोलवावा. तिसऱ्याचे उत्तर 'माणूस' असेल तर मात्र विचार करण्याचेही कारण नाही, बाजूला व्हावे.

घरी करावयाची कामे

१) नळाचा वायसर बदलणे. आपल्याकडील बऱ्याच बोअरचे पाणी जड आहे. त्यातील क्षार बसून वायसर लवकर खराब होतो. प्रथम मागचा कॉक बंद करावा. तो नसल्यास टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. नळ उघडून नळीतले पाणी काढून टाकावे. एका हाताने नळाचे अंग घट्ट धरून दुसऱ्या हाताने पान्हा फिरवावा. हे न केल्याने नळाऐवजी भिंतीतली नळी पिळवटते आणि पाच-दहा रुपयांचे काम भिंत फोडण्यावर जाते. जुना वायसर खिशात घालून दुकानात न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. वायसर जेथे टेकतो ती जागा फडक्याने स्वच्छ करावी. बसवताना नट आधी हाताने आवळावा आणि मग पान्ह्याने थोडासाच. पाणी हळूहळू सोडावे. पाणी तोंडातून न गळता वरच्या दांडीजवळून गळत असेल, तर वायसर चांगला असून वरचा नट थोडा आवळावा लागतो. अलीकडच्या पाव फेरीत उघडणाऱ्या नळांना असा वायसर नसतो. त्यांचे आतले अख्खे कार्ट्रिज बदलावे लागते, पण रीत हीच.

२) आट्यांची गळती. तोटी काढावी, आटे कोरडे करावे आणि टेफ्लॉनची टेप आट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळल्यास तोटी बसवताना ती गोळा होऊन बाहेर येते. प्लॅस्टिकच्या सॉकेटात लोखंडी तोटी फार आवळू नये, सॉकेट तडकते.

३) टाकीचा बॉल कॉक. टाकी भरूनही पाणी वाहत असेल तर बॉलमध्ये पाणी शिरले आहे का पाहावे. हलवल्यावर पाण्याचा आवाज आला तर बॉल बदलावा. हे काम घरातील मुलगी किंवा सूनसुद्धा सहज करील. किंबहुना घरच्या पाण्याशी ज्यांचा दिवसभर संबंध येतो, त्यांनाच पान्हा चालवणे आधी शिकवावे, असे माझे मत आहे.

४) ठिबकची देखभाल. फिल्टर धुणे, नळ्यांची शेवटची टोके सोडून गाळ काढणे, उंदराने कुरतडलेल्या ठिकाणी जॉइनर घालणे, ही कामे सभासदाने स्वतःच केली पाहिजेत. तासाला ४ लिटरचा ड्रिपर असेल तर त्याखाली ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या जागी मोजावे. शेवटी फारच कमी भरले तर नळी चोंदली आहे किंवा दाब पुरत नाही. आम्ल प्रक्रिया मात्र पहिल्या वेळी जाणकाराला समोर ठेवून करावी. त्यातही आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये, उसळून अंगावर येते.

मिस्त्रीकडे द्यावयाची कामे

१) जमिनीखालची मुख्य पाइपलाइन. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या या हालचालीने जोड ओढले जातात. म्हणून नळी मुरमाच्या किंवा वाळूच्या थरावर, नांगराच्या फाळाला न लागेल इतक्या खोलीवर असावी लागते. त्यात दाबाचाही हिशेब आहे. पाणी दर १० मीटर उंच चढवले की नळीवर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब येतो. विहिरीच्या पाण्यापासून टाकी ३० मीटर उंचावर असेल तर तेथेच ३ किलो झाले. त्यात घर्षण आणि मोटार एकदम बंद झाल्यावर पाण्याचा बसणारा ठोका मिळवला, तर ४ किलोची नळी टिकणार नाही. अशा ठिकाणी जोड पुन्हा पुन्हा सुटतो तेव्हा दोष जोडाचा नसून नळीच्या निवडीचा असतो. हे ओळखायला अनुभवी माणूस लागतो.

पाचट पेटवून नळीचे तोंड तापवायचे आणि त्यात दुसरी नळी कोंबायची, ही रीत आपल्याकडे सर्रास दिसते. नळी कमीजास्त तापते, तोंड पातळ होते आणि नेमके तेथेच फुटते. कपलिंगला चार पैसे गेले तरी चालतील, पण हा उद्योग बंद करावा.

२) ओढणीच्या बाजूचा दोष. रोज सकाळी पंपात पाणी भरावे लागत असेल तर फूटव्हॉल्व्ह धरत नाही. पाणी तुटक-तुटक येत असेल तर ओढणीच्या नळीत हवा शिरते आहे. येथे गळती बाहेर दिसतच नाही. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, म्हणून डोळा फसतो. जोडांवर ओली चिकणमाती लावून पाणी सुधारते का एवढे आपण पाहावे. दुरुस्ती मात्र मिस्त्रीने करावी, आणि विहिरीत उतरायचे झाल्यास एकट्याने कधीही उतरू नये.

३) भिंतीतली ओल व गावच्या नळयोजनेची जोडणी. गावातले पाणी काही तासच सुटते. पाणी बंद झाल्यावर नळी रिकामी होते आणि फुटलेल्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. ती जागा गटारीजवळ असेल तर तेच पाणी दुसऱ्या दिवशी आपल्या हंड्यात येते. कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ अशीच पसरते. म्हणून मुख्य नळीवर स्वतः सायकलची ट्यूब गुंडाळून मोकळे होऊ नये. ग्रामपंचायतीला कळवावे, दुरुस्ती करून घ्यावी, आणि दुरुस्तीनंतर पहिले पाणी काही वेळ वाहू देऊन मगच भरावे.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला सांगताना आपली चूक लपवू नये. काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात आमच्या घराकडे येणारी नळी शेजाऱ्याच्या बांधाजवळ फुटली. मी कृषी पदविकाधारक, रोज शेतकऱ्यांना पाइपलाइनवर सल्ला देणारा. मिस्त्री कशाला, असे म्हणून मीच बसलो. नळीत पाण्याची बारीक धार चालूच होती. तशाच ओल्या तोंडाला सोल्युशन लावले, कपलिंग घातले आणि दोन तासांत मोटार सुरू केली. संध्याकाळपर्यंत ठीक होते. रात्री जोड सुटला. सकाळी पाहतो तर विहिरीचा तळ दिसत होता आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी खालून भिजली होती. ऐन उन्हाळ्यात, जनावरांच्या तोंडचा कडबा! शेजारी एक शब्द बोलला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. मी त्याला तेवढा कडबा विकत घेऊन दिला. मिस्त्रीच्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे त्यात गेले.

सोल्युशनचा जोड करायचा तर नळी सरळ कापलेली, कानशीने साफ केलेली आणि पूर्ण कोरडी हवी. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून जोड अर्धा मिनिट दाबून धरावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. पूर्ण दाबाचे पाणी सोडण्यापूर्वी एक दिवस थांबलेले बरे. मला हे सर्व माहीत होते. घाई नडली.

घरच्या कोणीच हात लावू नये अशी कामे

१) वीज. मोटार, स्टार्टर आणि केबल ही पाण्याजवळची वीज आहे, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ती क्षमा करीत नाही. पाइपलाइनचे साधे काम करतानासुद्धा मेन स्विच बंद करून फ्यूजच्या किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवाव्यात. अनेकांनी ऑटो स्विच बसवलेले असतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, त्या वेळी आपला हात कुठे असेल हे तिला कळत नाही. डीपीवरचा फ्यूज उडाला तर लाइनमनलाच बोलवावे. रात्रीची पाळी आहे, ऊस सुकतो आहे, म्हणून कोणीही डीपीला हात लावू नये. स्टार्टरच्या पेटीला किंवा पंपाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ती शेवटची सूचना समजावी. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

२) सेप्टिक टँक, शेणाच्या स्लरीचा खड्डा, पडीक विहीर. एप्रिल २०२४ मध्ये आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, वाकडी येथे काय घडले ते पुष्कळांनी वाचले असेल. बायोगॅसच्या शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याला काढण्यासाठी दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक उतरत गेले. पाच जणांचे प्राण गेले. अशा खड्ड्यात शेण-मैला कुजून विषारी वायू साठतो. काही वायूंना वास नसतो, आणि ज्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याचे प्रमाण वाढले की नाकालाच तो कळेनासा होतो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहणे हा भरवशाचा उपाय नाही. वायू पेटणारा असला तर भडका उडतो. आत कोणी पडलेच तर त्याच्यामागे उतरू नये. माणसे जमवावीत, दोर टाकावा, अग्निशमन दल आणि पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवावे. हे वाचायला निष्ठुर वाटते. पण दुसरा उतरला की दोन प्रेते होतात.

सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरच्या गाडीनेच उपसून घ्यावा. संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपला जीव जाऊ नये म्हणून मजुराला उतरवणे, हा या प्रश्नावरचा तोडगा नव्हे. त्यालाही घर आहे.

मिस्त्रीकडून काम कसे करून घ्यावे

मिस्त्रीला बोलावले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात.

अ) मजुरी आणि सामान यांचे आकडे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावेत. सामान शक्यतो स्वतः बरोबर जाऊन घ्यावे व नळीवर छापलेला दाब वाचून घ्यावा.

आ) जुना काढलेला भाग मागून घ्यावा आणि तो का गेला हे विचारावे. चांगला मिस्त्री सांगतो.

इ) खड्डा बुजवण्यापूर्वी पाणी सोडून जोड पाहावा. सोल्युशन वाळण्यासाठी खड्डा एक दिवस उघडा राहिला तरी राहू द्यावा, फक्त गुरे-वासरे आणि मुले पडणार नाहीत असे कुंपण करावे.

ई) पाइपलाइन कोठून गेली त्याचा कागदावर नकाशा काढावा. लिंबाच्या झाडापासून इतकी पावले, बांधापासून इतकी, असे लिहावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हा कागद नसल्यामुळे एक जोड शोधण्यासाठी अर्धे शेत उकरलेले मी पाहिले आहे. जुन्या माणसाच्या डोक्यातला नकाशा त्याच्याबरोबर जातो.

उ) मिस्त्री काम करीत असताना जवळ थांबून पाहावे. पुढच्या वेळी त्यातले किती आपल्याला जमेल हे कळते.

गावातील एखाद्या होतकरू मुलाला आयटीआयमध्ये प्लंबर किंवा वायरमनच्या वर्गास घालण्याचा विचार पालकांनी जरूर करावा. गावोगाव नळयोजना झाल्या, ठिबक वाढले, मोटारी वाढल्या, पण दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो आणि तोवर पाळी निघून जाते. गावातच जाणता माणूस असेल तर त्याचे पोट भरेल आणि आपले उभे पीक वाचेल.

शेवटी एवढेच सांगणे, की या महिन्यात एका रात्री टाकीवर कोळशाची खूण करून पाहावी, आणि घरात एक पान्हा, टेफ्लॉनची टेप व चार वायसर आणून ठेवावेत. शेतातल्या मेन स्विचजवळ मिस्त्री, वायरमन आणि लाइनमन यांचे नंबर रंगाने लिहून ठेवावेत. रात्री अडचण आली म्हणजे हात पान्ह्याकडे न्यावा की फोनकडे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. उसाला एक पाणी कमी पडले तर एखादा टन कमी येईल, तो पुढच्या हंगामात भरून काढता येतो. सभासदांनी सुखरूप राहावे, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी